पंचनाम्यातली पहिली ओळ

कुलपाच्या भोकात आधी फुंकर मारायची आणि मगच हत्यार घालायचं, ही त्यांची जुनी खोड. म्हणून कोर्टाच्या कचेरीतले सगळे त्यांना फुंकरकाका म्हणत. फुंकरीने कुलूप उघडत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. पण कुलूपवाल्याच्या धंद्यात चाळीस वर्षांत गुडघे झिजले, बोटांची टोकं बधिर झाली, आणि सगळ्या कसबातली फुंकर तेवढी शाबूत राहिली होती.

घरांचा ताबा घ्यायचा असला की कोर्टाचा बेलिफ त्यांना बोलावी. पूर्वी हे काम वर्षातून चार-पाचदा यायचं. दोन वर्षांपूर्वी नवा कायदा झाला, ज्यांच्याकडे रहिवासाचा दाखला नाही त्यांनी घर सोडायचं, आणि मग आठवड्याला तीन-तीन दारं येऊ लागली. काका चर्चमध्ये मंडळीचे वडील, म्हणजे कारभाऱ्यांपैकी एक. दर रविवारी पहिल्या बाकावर. मनाला टोचणी लागली तेव्हा ते पाळकांकडे गेले.

"अधिकारीही देवानेच नेमलेत," पाळक म्हणाले. "तुम्ही नुसतं दार उघडता. बाकीचं त्यांच्या माथी. त्यांच्यासाठी प्रार्थना करा म्हणजे झालं."

काका हलके होऊन घरी आले. खरं सांगायचं तर ते हेच उत्तर आणायला गेले होते. त्यांच्या मुलीने मात्र भाजी चिरता चिरता विचारलं, "बाबा, पाळकांकडे दाखला आहे ना?"

"तोंड आवर," काका म्हणाले आणि तो विषय दोन वर्षं बंद ठेवला.

या कामाचे दोन नियम होते. कुलूप उघडेपर्यंत दाराच्या मुठीला हात लावायचा नाही, कारण मूठ वाजली की आतली माणसं दाराला कपाट लावतात. आणि पंचनाम्याच्या पहिल्या ओळीत लिहायचं, दार उघडं होतं की बंद. बंद असेल तर तो सरकारी कामात अडथळा. घरात राहणाऱ्याला सहा महिने तुरुंग. खाली कुलूपवाल्याची सही. काका दोन्ही नियम इमानेइतबारे पाळत.

त्या सकाळी तिसरा मजला होता. कुलूप जुनं, त्यात कुणा दीडशहाण्याने उलटं बसवलेलं. काकांनी गुडघे टेकले, फुंकर मारली, हत्यार घातलं. पाच मिनिटांत टक्क झालं. बेलिफने खांदा लावला, दार ढिम्म.

"दुहेरी कुलूप आहे," काका जाणकारपणे म्हणाले. मग आणखी अर्धा तास गेला. गुडघ्यांनी अगदी दावा मांडला होता. शेवटी पुन्हा टक्क झालं आणि दार उघडलं.

आत एक म्हाताऱ्या बाई खुर्चीवर बसल्या होत्या. निवृत्त शिक्षिका. पायात बूट, शेजारी बांधून ठेवलेल्या दोन पिशव्या.

"कुलूप का लावलंत?" बेलिफ खेकसला.

"मी कुठे लावलं? सहा वाजल्यापासून दार उघडंच ठेवलंय. तुम्हीच बाहेरून लावलंत, मी आवाज ऐकला. म्हटलं, असेल बाबा सरकारी पद्धत."

काकांनी कुलपावर हात ठेवला आणि त्यांना सगळं कळलं. कुलूप उलटं बसवलेलं, म्हणून पहिल्या टक्कला त्यांनी उघडं दार बंद केलं होतं. मग अर्धा तास खपून स्वतःच लावलेलं कुलूप स्वतःच उघडलं होतं. आधी त्यांना लाज वाटली ती कारागीर म्हणून. तेवढ्यात बेलिफने कागद पुढे केला. पहिली ओळ तयारच होती: दार बंद होते.

"ते उघडं होतं," काका म्हणाले. "मी बंद केलं."

"मी खांदा लावला तेव्हा बंद होतं की नाही?"

"होतं, पण..."

"मग झालं तर. सही करा, मला अजून दोन घरं आहेत."

काकांनी बाईंकडे पाहिलं. बाई बुटाची नाडी पुन्हा बांधत होत्या. दार उघडणं हे हातांचं काम होतं आणि हात सरकारला देऊन टाकले होते. पण ही ओळ म्हणजे बायबलमध्ये मना केलेली शेजाऱ्याविरुद्धची खोटी साक्ष होती, आणि तिच्यासाठी पाळकांकडून त्यांनी काहीच उत्तर आणलं नव्हतं. त्यांनी ती ओळ खोडून लिहिलं, 'दार उघडे होते. कुलूप मी चुकून लावले.'

बेलिफने तो कागद फाडून दुसरा दिला. काकांनी तेच लिहिलं. तिसऱ्यावरही तेच.

"परवाना जाईल, काका."

"जाऊ दे."

"अहो, तुमच्याच धर्मात सांगतात ना, सरकारचं ऐका म्हणून?"

"सांगतात. दोन वर्षं ऐकलंच की."

बेलिफही थकलेलाच होता. त्याने कागद घडी करून खिशात घातला. बाईंचं घर गेलंच. त्या ट्रकमध्ये बसून गेल्या, पण तुरुंगात गेल्या नाहीत.

दुपारी परवाना जमा करून काका घरी आले. घडलेलं ऐकून मुलीचा आनंद गगनात मावेना. "बाबा, शेवटी नाही म्हणालात तुम्ही!" तिने चहा ठेवला. काकांनी कपाला हात लावला नाही.

"याआधीही चार दारांना मी दुहेरी म्हणालो होतो," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"टक्क झालं, दार हललं नाही, मग परत खटपट. असं चारदा. उघडी होती का बंद, देव जाणे. चारही ठिकाणी 'बंद होते'वर माझी सही आहे."

मुलगी हळूच खाली बसली. "आणि ती माणसं?"

"एक सुटला. दोघं आत आहेत. चौथा तुरुंगातच वारला."

"तुम्हाला कुठे माहीत होतं, बाबा?"

"मूठ फिरवून बघायची होती, एवढंच."

दुसऱ्या दिवशी ते कोर्टाच्या खिडकीपाशी रांगेत उभे राहिले. कारकुनाने मान वर न करता विचारलं, "अर्जदार कोण?" काकांनी नाव सांगितलं. "तक्रार कुणाविरुद्ध?" काकांनी पुन्हा तेच नाव सांगितलं. आता कारकुनाने वर पाहिलं.

"काका, असा अर्ज घेता येत नाही."

"मग कसा येतो ते सांगा," काका म्हणाले. त्यांचे पाय भरून आले होते. समोरच्या बाकावर ते बसले. "मी इथेच आहे. आज काही काम नाही मला."