मेणाचे ठोकळे परदेशी निघाले

कर्करोगाची गाठ काढली की तिचा एक तुकडा आमच्याकडे येतो. तो मेणात बसवून आम्ही बोटाच्या पेराएवढा ठोकळा करतो, त्याचा केसाहून पातळ काप काचेवर घेतो आणि उरलेला ठोकळा कपाटात जपून ठेवतो. अकोल्याच्या प्रयोगशाळेत माझं अर्धं आयुष्य यातच गेलं.

दोन वर्षांपूर्वी परदेशातल्या एका संशोधन संस्थेचं पत्र आलं. देशोदेशीच्या बायकांच्या स्तनातल्या गाठी त्यांना ताडून पाहायच्या होत्या, त्यात आमच्या वऱ्हाडातल्याही हव्या होत्या. समितीची मंजुरी मिळाली, रुग्णांच्या सह्या झाल्या, नावं काढून नुसते क्रमांक ठेवले. इथवर सगळं इतकं नीट पार पडलं की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

पत्रात स्वच्छ लिहिलं होतं: प्रत्येक ठोकळ्याचे चार काप पाठवा, ठोकळा तुमच्याकडेच ठेवा. मी ते साहेबांना वाचून दाखवलं. साहेब म्हणजे आमचे प्रमुख डॉक्टर. खोलीत आधी त्यांचं पोट शिरायचं, मागाहून ते. पत्र ऐकून त्यांना अपमान वाटला.

"चार काप? पाहुण्याले कोणी चतकोर वाढते का, बाई? आपल्या इथं अख्खी पोळी वाढतेत, वर तुपाची धार."

"साहेब, ते जेवायला नाही बसले."

"आपण काहून हात आखडावा? अख्खे ठोकळे धाडा."

पाहुण्याला नको नको म्हणेस्तोवर वाढायची आमची रीत मोठी गोड आहे. पण भाकरी दुसरी थापता येते; गाठ एकदाच निघते. हे मी सांगत होते तेव्हा साहेब फोनवर फ्लेक्सचा मजकूर देत होते.

फ्लेक्स आला. मध्ये साहेब, मागे पृथ्वी, साहेबांहून लहान. ठोकळ्यांच्या पेटीला सोनेरी कागद आणि लाल फीत लागली. फीत आमदारांनी कापायची आणि मग पेटी रवाना व्हायची, असं ठरलं. आमदारांची तारीख काही मिळेना. मग पेटी साहेबांच्या टेबलावर सजून बसली. शिपाई तिला रोज ताजा हार घालायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला साहेब सांगायचे, "विदेशात चालली." पोटच्या लेकीबद्दलही हा माणूस कधी इतका हळवा झाला नव्हता.

अशात अकोटकडून एक बाई आल्या. घरची मोगऱ्याची शेती. त्यांची गाठ पूर्वी आमच्याकडेच तपासली होती. आता दुखणं मणक्यात उतरलं होतं. तिथून नवा तुकडा काढणं धोक्याचं, म्हणून नागपूरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती: जुना ठोकळा आणा, त्यावर तपासणी केल्याशिवाय कोणतं औषध लागू पडेल ते कळणार नाही.

मी वहीत क्रमांक पाहिला. ठोकळा हाराखाली होता.

"आता उघडली तं आमदार कापतीन काय?" साहेब म्हणाले. "पुढच्या आठवड्यात या म्हणा."

बाई दारातच उभ्या होत्या. त्या आत आल्या. पेटीकडे पाहिलं, फ्लेक्सकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"ह्याच्यात माहा तुकडा हाय का?"

"तुमीच सही केली होती, बाई. जगाच्या कामी येईन," साहेब मंचावरच्या आवाजात म्हणाले.

"केली ना. पुन्हा बी करतो. पण मी अजून जित्ती हाओ, साहेब. थोडं जगाले द्या, थोडं मले ठेवा. पुढच्या आठवड्यापर्यंत हे दुखणं थांबन का?"

साहेबांना एकदम भिंतीवरच्या पंख्यात रस निर्माण झाला. कात्री ताटात तयार होतीच, कुंकू लावलेली. मी उचलली आणि फीत कापली. नंतर भीती वाटेल हे ठाऊक होतं, म्हणून मी तो आनंद तिथल्या तिथेच मनसोक्त घेतला.

यंत्रावर मी त्यांच्या ठोकळ्याचे चार काप घेतले. बाई स्टुलावर बसून बघत होत्या.

"एवढंसंच लागते त्यायले?"

"एवढंच."

"मंग हा मांडव कायले घातला?"

याचं उत्तर पंख्याकडे पाहणाऱ्यांकडे होतं. उरलेला ठोकळा मी डबीत ठेवला आणि डबी ओल्या फडक्यात गुंडाळली. मे महिना होता. अकोल्यात मेणाचा भरवसा नसतो. त्याच दुपारी बाईंना नागपूरच्या गाडीत बसवून आले.

बाकीच्या ठोकळ्यांचे काप त्या आठवड्यात झाले. साहेब माझ्याशी बोलत नव्हते, त्यामुळे काम भराभर उरकलं. आमदार आलेच नाहीत. ठोकळे कपाटात परतले आणि कापांची पेटी कुरिअरवाला मोटारसायकलवर घेऊन गेला.

पुढच्या महिन्यात बाईंचा फोन आला. तपासणीत लागू पडणारी गोळी निघाली होती.

"सुरू केली," त्या म्हणाल्या. "पाठ अजून दुखते. पण कालपासून बसून फुलं तोडून राहिलो."