न तुटणाऱ्या पट्टीचा रिपोर्ट

लॅबमधले आकडे रिपोर्टात निघून जातात, किस्से मात्र चहाच्या वेळी राहून राहून वर येतात. सत्तरच्या दशकात मी सोलापूरच्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होतो, तेव्हाचे हे काही.

यंत्रमागाचे मालक व्यंकय्याशेठ नव्या प्लॅस्टिकचा पिकर घेऊन आले. पिकर म्हणजे मागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याला ठोसा देणारा भाग. तो फुटून तुकडा उडाला आणि नरसय्या नावाच्या विणकराच्या भुवईला टाके पडले. हे प्लॅस्टिक तडा कितपत सोसतं ते मोजून द्या, असं शेठ म्हणाले. आमच्या सरांनी लगेच होकार दिला. तसली टेस्ट आम्ही तोवर फक्त लोखंडावर केली होती.

*

त्याच प्लॅस्टिकची पट्टी ओढून तोडायच्या मशीनमध्ये लावली. ती लांबत गेली, बारीक होत गेली, शेवटी मशीनचीच ओढ संपली. सरांनी ब्रेकिंग लोड विचारला. पट्टी तुटलीच नाही, असं मी सांगितलं.

सर विचार करून म्हणाले, "मग तिला आकडाच नाही."

*

तडा सुरू व्हायला पट्टीला आधी धारदार खाच हवी, असं सरांच्या मनात आलं. मैंदर्गीचा मल्लिनाथ आमचा मेकॅनिक. त्यानं दाढीच्या ब्लेडनं सुरेख खाच पाडली. ओढल्यावर ती नुसतीच गोल झाली.

"तडा फुडं जाईना सर," मल्लिनाथ म्हणाला. "आ वासून बसलाय की."

*

खाचेपाशी प्लॅस्टिक पांढरं पडायचं. तडा नेमका कधी सुरू होतो, ते तिघांनी भिंगातून बघून सांगायचं ठरलं. मल्लिनाथला तो लगेच दिसला, मला बऱ्याच वेळानं. सरांना दिसलाच नाही. तरी त्यांनी तिघांची सरासरी काढायला सांगितली.

*

शेठ रिपोर्ट न्यायला आले, सोबत नरसय्या. प्लॅस्टिक चिवट आहे, तुटत नाही, असं सर समजावू लागले. नरसय्याच्या भुवईकडे लक्ष गेलं आणि सर मध्येच थांबले. उठून त्यांनी खाच पाडलेली नवी पट्टी व्हाइसच्या जबड्यात आवळली आणि हातोडीचा एक फटका मारला.

बिस्किटासारखे दोन तुकडे झाले.

हळू ओढली की रबर, फटका बसला की काच. सर तुकडे हातात घेऊन उभेच राहिले.

"सायेब, तुटतंय का न्हाय?" शेठनी विचारलं.

सरांनी रिपोर्ट परत घेतला, खाली स्वतःच्या हातानं दोन वाक्यं लिहिली आणि सही केली. 'ओढून हे प्लॅस्टिक तुटत नाही. मागावर वापरू नये.'

शेठनी ते दोनदा वाचलं. नरसय्यानं कागद त्यांच्या हातातून घेतला, नीट घडी घातली आणि आपल्या खिशात ठेवला.