तिसऱ्या जर्नलचं माप

शिरूरला पुणे-नगर रस्त्याच्या कडेला माझं गॅरेज होतं. रांजणगावला नवे कारखाने उभे राहत होते त्या वर्षांतली ही गोष्ट. जुन्या गाड्या घेऊन चालत्या ठेवणारी माणसं वाढली होती आणि मला इंजिनाची कामं बरी मिळत होती. इंजिनातला मुख्य फिरता दांडा, म्हणजे क्रँक, झिजून ग्राइंडिंगला द्यायचा झाला की मी तो दौंडला न्यायचो, कारण तिथं मामा होते.

मामा माझे नात्यातले नव्हते. सगळेच त्यांना मामा म्हणत. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर ते स्टेशनजवळच्या एका वर्कशॉपमध्ये ग्राइंडिंग मशिनवर काम करायचे. रविवारी मात्र चर्च असायचं, त्या दिवशी ते मशिनला हात लावत नसत. मायक्रोमीटर त्यांचा स्वतःचा. माप घेताना ते कुणाशी बोलायचे नाहीत. त्यांनी सांगितलेला आकडा मी कधी पुन्हा मोजला नव्हता.

केंदूरच्या एका निवृत्त मास्तरांची गाडी माझ्याकडे आली होती. मास्तरांच्या बायकोला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी पुण्याला न्यावं लागायचं. इंजिन उघडल्यापासून दोघं एसटीनं जात होती. मास्तर एक दिवसाआड येऊन गॅरेजच्या दारात उभे राहायचे. "घाई न्हाई, पण कवापर्यंत व्हईल?" एवढंच विचारायचे.

मामांनी क्रँक घासून वीस साइजचा, म्हणजे वीस हजारांश इंचानं बारीक, करून दिला. क्रँक जेवढा घासला तेवढं बेअरिंग जाड लागतं, म्हणून मी पुण्याहून वीस साइजचा बेअरिंगचा सेट आणला. खोक्यावर स्वच्छ वीसचं लेबल होतं. बेअरिंग दोन अर्धुकांचं असतं. एक वर ब्लॉकमध्ये बसतं, एक खाली कॅपमध्ये, आणि मधे क्रँकचा घासलेला गोल भाग, म्हणजे जर्नल, फिरतो. मी सगळं बसवलं. पहिली कॅप आवळली, दुसरी आवळली, क्रँक हातानं फिरत होता. तिसरी आवळली आणि क्रँक जाम झाला. सैल केली की फिरे, आवळली की जाम.

बेअरिंगचा साइज पाठीमागं ठोकलेला असतो. मी क्रँक खाली काढला, पुढची दोन बेअरिंगं उचकटून उलटी केली. दोन्हींवर वीस होतं. तिसरं मी काढलंच नाही. एकाच खोक्यातलं एक बेअरिंग वेगळं असेल, असं मनात आलं नाही. शिवाय चूक मामांच्या मापाचीच, हे मी आधीच ठरवून बसलो होतो. त्याच वर्षी मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांना जाड भिंगांचा चष्मा लागला होता.

क्रँक घेऊन मी तडक दौंडला गेलो. वर्कशॉपमध्ये दोन-तीन गिऱ्हाइकं होती. मामांनी तिसरा जर्नल पुसला आणि तीन वेळा मोजला.

"माप बरोबर हाय," ते म्हणाले. "बेअरिंग मागनं बघितलीस का?"

"बघितली."

"समदी?"

"समदी."

मामांनी पुन्हा एकदा मोजलं. मग मायक्रोमीटर खाली ठेवला. "तू बघितली असशील तर मग माझंच चुकतंय."

"मामा, तुम्हाला आता दिसत न्हाई," मी म्हणालो. "तसं सांगायचं तरी. तिकडं एक आजारी बाई एसटीचे धक्के खातीया."

 वर्कशॉपचा मालक मामांच्या मुलाच्या वयाचा होता. तो हळू आवाजात म्हणाला, "मामा, थोडे दिवस मशिनवर नका बसू." मामांनी मायक्रोमीटर कापडात गुंडाळला, हात धुतले आणि घरी गेले.

मालक क्रँक पुन्हा करून द्यायला तयार होता, पण मी रागानं तो पुण्याला नेला. तिथल्या माणसानं मोजला आणि म्हणाला, "करायचं काय याला? सगळे जर्नल वीसच आहेत."

"तिसरा?"

"तिसराही वीस. बेअरिंग बघा तुमचं."

शिरूरला येऊन मी तिसरं बेअरिंग उचकटलं. दोन्ही अर्धुकांच्या पाठीवर तीस ठोकलेलं होतं, म्हणजे ते जास्त जाड होतं. ते मी बाजूला ठेवलं.

योग्य बेअरिंग आणून बसवलं. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. मास्तर बायकोला मागच्या सीटवर उशी देऊन घेऊन गेले, जाताना माझे हात धरले. दौंडला मात्र मी तीन आठवडे गेलो नाही. काम आहे, असं स्वतःला सांगत राहिलो.

शेवटी गेलो तो मामांच्या घरीच. मामी चहा टाकायला आत गेल्या. मी ते बेअरिंग मामांच्या हातात दिलं. त्यांनी ते दाराच्या उजेडाकडं धरलं.

"तीस," त्यांनी वाचलं. जराही अडखळले नाहीत. "म्हंजी माझं माप बरोबर होतं."

"व्हय."

"तू समदी बघितली म्हणालास."

"दोनच बघितली होती, मामा."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बोट केलं. मग म्हणाले, "त्या दिवसापासून रोज सकाळी मी ह्या कॅलेंडरवरचे बारके आकडे वाचायचो. हिला विचारायचो, बरोबर हाय का. ही म्हणायची, बरोबर हाय. मला वाटायचं, माझ्या समाधानासाठी म्हणतीया."

तिथून मी वर्कशॉपमध्ये गेलो आणि सगळ्यांसमोर माझी चूक सांगितली. मालक स्वतः घरी जाऊन मामांना घेऊन आला. मी थांबलो होतो. मामांनी एक क्रँक घेतला, जर्नल मोजला. पुसून परत मोजला. चौथ्यांदा मोजून झाल्यावरही मशिन सुरू केलं नाही. "आकडा दिसतोय," ते मालकाला म्हणाले, "पण खात्री वाटत न्हाई. दुसऱ्या कुणाला बसव." त्यानंतर ते मशिनवर बसले नाहीत.

दौंडला गेलो की मी त्यांच्याकडं जायचो. ते रेल्वेतल्या जुन्या गोष्टी सांगायचे, मामी चहा द्यायच्या. त्या दिवसाचा विषय त्यांनी कधी काढला नाही आणि मलाही काढता आला नाही. काही वर्षांनी एका हिवाळ्यात ते गेले. चर्चमध्ये मी शेवटच्या बाकाजवळ उभा होतो. वर्कशॉपचा मालकही तिथंच होता. आम्ही एकमेकांकडं बघितलं.