धोंडुबाईनं जपानी मरियेला भंडारा लावला त्याची गोष्ट

कुपवाडात कारखान्यांच्या मागच्या अंगाला एक जपानी साहेब ऱ्हायचा, इवामुरा नावाचा. मशिनी बसवाय आलेला, एकटाच. त्याच्या घरी सैपाकाला आपल्या जतकडची धोंडुबाई. धनगराची बाई, नवरा जाऊन बारा वर्सं झालेली. ह्ये घर सुटलं तर ह्या वयात दुसरं कोण ठिवणार, ह्याची तिला रोजची काळजी.

साहेबाच्या कपाटात एक पांढरी मूर्त व्हती, चिनी मातीची. बाई मांडीवर लेकरू घिऊन बसलेली. धोंडुबाईनं मिरजंच्या मिशन दवाखान्यात क्रूस बघितलेला, हितं तसलं काय न्हवतं. तिला वाटलं, ही जपानची देवी. एका ऐतवारी साहेब बाहीर गेलेला. ऐतवार म्हंजे धनगरांच्या बिरुबा देवाचा वार. तिनं पुसताना बघितलं, बिचारीचं कपाळ नुसतं मोकळं. कमरंच्या पिशवीतनं चिमूटभर भंडारा काढला आन् लावला.

भंडारा म्हंजे हळदच की. मूर्त जुनी, बारीक तडं गेलेली. हळद तडंत शिरली. ती घाबरली आन् साबणानं घासाय लागली. हळदीला साबण लागला की लाल हुतंय, ह्ये घाईत कुणाच्या ध्यानात ऱ्हातंय? कपाळ लालभडक झालं.

तेवढ्यात साहेबाचा गाडीवाला तानाजी आला.

"मावशे, गेलीस तू. त्याच्या बापजाद्याची मूर्त हाय ती. जा आता परत मेंढरामागं."

"मेंढरं तुझ्यागत बडबडत तरी न्हाईत."

"मांजर चढलंतं म्हणून सांग की."

"मांजर कपाळ रंगवतंय व्हय रं?"

साहेब आला तवा तिनं आपणहून सांगितलं. त्यो खाली बसला. मूर्त मांडीवर घितली. मग तोडक्या मराठीत बोलाय लागला.

ही मरिया, येशूची आई. साहेबाचं गाव एका बेटावर. मागं कवातरी तिथल्या राज्यकर्त्यांनी तो धर्मच बंद केला. पाद्री धरून मारलं. लोकांना म्हणायचं, येशूच्या चित्रावर पाय द्या. जो देत न्हाई तो मेला.

"आमच्या लोकांनी पाय दिला," साहेब म्हणला. "घरी यून येशूची माफी मागायचे."

त्याफुडं सव्वादोनशे वर्सं पाद्रीच न्हाई. गावातलाच एक माणूस पोरांच्या डोक्यावर पाणी घालायचा, दुसरा सणाचे दिस ध्यानात ठिवायचा. प्रार्थना सगळी तोंडपाठ. मरिया बी बुद्धाच्या लोकांच्या देवीसारखी दिसणारी घेतली, शिपायाला कळाय नको म्हणून. मग क्रूस कुठला असणार?

"आमच्या बिरुबाच्या वव्या बी तोंडपाठच," धोंडुबाई म्हणली. "कागुद न्हाई." मग जरा थांबून, "मला काढणार काय, साहेब?"

"मूर्त माझ्या भावाच्या देवळात जायची हाय. तो पाद्री हाय. तो काय म्हणतो बघू."

"आवं, हळदीचा डाग उन्हात जातोय. दोन दिस ऊन लागू द्या. न्हाई गेला तर मीच जाते."

साहेबानं फोन लावला. फोनच्या पडद्यावर म्हातारा भाऊ, गळ्याला पांढरी पट्टी. त्यानं मूर्त उलटीसुलटी करून दावाय लावली. बोलला थोडंच. साहेबानं तिला सांगितलं, "तो म्हणतो, हिला आमी कायम कपाटाच्या मागं लपवली. ऊन कधी दिलंच न्हाई. उन्हात ठेव म्हणतो."

मग गच्चीत चटई टाकून मरिया ठिवली. धोंडुबाई शेजारी पदर डोक्यावर घिऊन राखणीला, कावळा हाकलत. पलीकडच्या गच्चीवर पापड घालणाऱ्या मनुबाईनं इचारलं,

"काय वाळवाय घातलंयस गं?"

"देवी."

"कुणाची?"

"साहेबाची."

"ओली झाली व्हय?"

"व्हय. तू तुझं पापड बघ."

दुसऱ्या दिशी सांजंला लाल गेलं. क्येसांपाशी एका तडंत मातुर पिवळी रेघ ऱ्हायली. साहेबानं भिंग लावून बघितली. ती हात जोडून हुबी.

"ऱ्हाऊ दे रेघ," त्यो म्हणला, "भावाला सांगीन कुठनं आली ती."

मूर्त आत ठिवली, कपाटाला कुलूप घातलं आन् चावी स्वताच्या खिशात टाकली. घर तर सुटलं न्हाई, मग धोंडुबाईला त्या कुलपाचं काय वाईट वाटलं न्हाई. तिनं इचारलं, भाकरी किती टाकू?