दोन सीटच्या सायकलचा तपास

माझ्या नोकरीतली ती काही मोठी केस नव्हती. खून नाही, दरोडा नाही, पेपरात चार ओळीही आल्या नाहीत. तरी इतक्या वर्षांतली कोणती केस डोक्यातून जात नाही असं कोणी विचारलं, तर मी भाईंदर पूर्वेतल्या त्या सायकलचोरीचं नाव घेतो.

मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून टपाल चाळत बसलो होतो. ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी दोन वयस्कर गृहस्थ उभे होते. मागच्याचा हात पुढच्याच्या खांद्यावर होता आणि डोळ्यांवर काळा चष्मा.

"सायकल ना? अर्ज लिहून द्या काका, बघतो," अंमलदार म्हणाला.

"अर्ज नको, गुन्हा दाखल करा," काळ्या चष्म्यावाले म्हणाले. "चोराचा आवाज माझ्या लक्षात आहे."

मी टपाल बाजूला ठेवलं आणि दोघांना आत बोलावलं.

नावं लिहीत नाही. ठाण्यात आम्ही त्यांना फिटरकाका आणि ऑपरेटरकाका म्हणायचो, तेच इथे लिहितो. फिटरकाका मूळचे कोकणातले. एका कारखान्यात फिटर म्हणून सारी नोकरी केली आणि मग इथेच गोडदेवला फ्लॅट घेतला. ऑपरेटरकाका टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते. दोघं एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर. निवृत्तीनंतर रोज सकाळी सायकलवरून समुद्राकाठच्या उत्तनपर्यंत जायचं आणि परत यायचं, असा त्यांचा नेम होता. पुढे काचबिंदूने ऑपरेटरकाकांची नजर गेली. त्यांनी सायकल विकून टाकली आणि घराबाहेर पडणं सोडलं.

"मग मी दोन जुन्या सायकली कापल्या," फिटरकाका म्हणाले. "चार महिने लागले. दोन सीट, दोन हँडल, चार पायडल. याला म्हटलं, पुढचं मी बघतो, तू मागून नुसतं पायडल मार."

"नुसतं?" ऑपरेटरकाका म्हणाले. "वाटेतल्या डोंगरीच्या चढावर सगळा जोर माझाच असतो, साहेब."

तीच सायकल आदल्या दुपारी जिन्याखालून गेली होती.

"चोराला पाहिलं कोणी?" मी विचारलं.

"पाहिलं कोणीच नाही. मी ऐकलं," ऑपरेटरकाका म्हणाले. "मी खिडकीत बसलो होतो. खाली टेम्पो थांबला. लोखंड कापल्यासारखा आवाज आला. सोसायटीचं काही काम असेल असं वाटलं. मग एक माणूस हिंदीत म्हणाला, 'सीधा नहीं, साइड से डाल, दो सीट है.' तेवढ्यात काहीतरी तुटलं, पायडलची साखळीच असावी. आपली सायकल चालली हे कळेपर्यंत टेम्पो निघून गेला. मी ओरडलो, पण खाली कोणी नव्हतं."

"आवाज कसा होता?"

"'स' म्हणताना शिट्टी वाजते त्याची. पुढचा दात तुटका असणार. तीस वर्षं कानाला हेडफोन लावून आवाज ऐकलेत, साहेब."

मी गुन्हा दाखल करून घेतला. खरं सांगतो, या जबाबावर माझा फारसा विश्वास नव्हता. सोसायटीचा कॅमेरा कित्येक दिवस बंद होता. आम्ही आसपासची भंगारची दुकानं पालथी घातली, टेम्पोवाल्यांना विचारलं. आठवडा गेला. फिटरकाका रोज सकाळी ठाण्यात यायचे, तेही एकटेच.

"मित्र कुठे आहेत?" मी एकदा विचारलं.

"खिडकीत. बोलत नाही कोणाशी. मी दुसरी बनवतो म्हटलं, तर म्हणाला, आता तुझेही हात थरथरतात, कशाला दगदग. खोटं नाही बोलला तो. वेल्डिंग आता मला जमणार नाही."

त्या दिवशी मी तपास पथकाला पुन्हा कामाला लावलं.

आमच्या ठाण्यात एक महिला हवालदार होत्या. त्यांची सगळ्या बाजारात ओळख. तिसऱ्या दिवशी त्या आल्या त्या हसतच.

"साहेब, टिप लागलीय. केबिन रोडच्या सायकल दुकानात एक जण आला होता. म्हणाला, दोन साखळ्या जोडून एक लांब साखळी बनवून दे. एवढी लांब साखळी कुठल्या सायकलला लागते?"

दुकानदाराने याआधी अशी साखळी एकदाच बनवली होती, फिटरकाकांसाठी. त्याने शहाणपणा केला. त्या माणसाला दोन दिवसांनी यायला सांगितलं आणि हवालदारबाईंच्या कानावर घातलं. ठरलेल्या दिवशी त्या साध्या कपड्यात मुलीसाठी सायकल बघत दुकानात उभ्या राहिल्या. तो आला, साखळी घेऊन निघाला. आमची माणसं त्याच्या मागोमाग एका गाळ्यापर्यंत पोचली.

लग्नाआधीच्या फोटोंसाठी सामान भाड्याने देणाऱ्याचा तो गाळा होता; साखळी नेणारा त्याचा नोकर. झोपाळे, कमानी, रंगीत छत्र्या. कोपऱ्यात पांढऱ्या रंगाने रंगवलेली, प्लॅस्टिकच्या फुलांनी मढवलेली दोन सीटची सायकल उभी होती.

फिटरकाकांनी ती पाहिली आणि त्यांचा चेहरा फुलला. पण सायकल घरी बनवलेली, फ्रेमवर नंबर नाही. गाळ्याचा मालक मोठा गोडबोल्या. "साहेब, ही तर मी कधीची घेतलीय, भंगारवाल्याकडून. हे बघा बिल." बिल खरोखरच होतं, आणि त्यावरची तारीख चोरीच्या कितीतरी आधीची.

आम्ही त्याला चौकशीसाठी ठाण्यात आणलं. ऑपरेटरकाकांनाही बोलावून भिंतीपाशी खुर्चीवर बसवलं. मी मालकाला मुद्दाम बोलतं ठेवलं. त्याचे दात शाबूत होते. मला धाकधूक वाटायला लागली. अर्ध्या तासाने मी ऑपरेटरकाकांना बाहेर नेलं.

"हा तो नाही," ते म्हणाले.

"घाई करू नका, काका. नीट आठवा. सायकल याच्याच गाळ्यात सापडलीय."

"सायकल आमची असेल, पण आवाज याचा नाही. जे ऐकलं नाही ते ऐकलं म्हणून कसं सांगू, साहेब?"

त्यांनी नुसती मान डोलावली असती तरी केस उभी राहिली असती. ती सायकल त्यांच्यापेक्षा जास्त कोणाला हवी होती?

मी परत आत गेलो. बिल हातात घेतलं आणि मालकाला म्हटलं, "बिल खरं असेल तर देणाऱ्याला फोन लावा. स्पीकरवर. त्याने हो म्हटलं की विषय संपला."

त्याने लगेच फोन लावला. बहुतेक दोघांचं आधीच बोलणं झालेलं असावं. ऑपरेटरकाका पुन्हा भिंतीपाशी येऊन बसले होते. दोन रिंग झाल्या.

"हां सेठ, बोलो. सब सेट है ना? साइकिल का कुछ पूछा क्या किसी ने?"

प्रत्येक 'स'बरोबर शिट्टी वाजली. ऑपरेटरकाका ताडकन उभे राहिले. तोंडाने अवाक्षर नाही, फक्त उजवा हात वर केला. मालकाचा चेहरा उतरला. कोणी काही विचारण्याआधीच सायकलचं नाव पलीकडून आलं होतं.

संध्याकाळच्या आत तो माणूस आमच्यासमोर उभा होता. भंगाराचा धंदा, स्वतःचा टेम्पो, आणि वरचा पुढचा दात अर्धा तुटलेला. हवालदारबाईंनी तो दात पाहिला आणि त्या तोंड फिरवून हसल्या. तासाभरात त्याने सगळं सांगितलं. गाळ्याच्या मालकाने उत्तनच्या रस्त्यावर या दोघांना पाहिलं होतं. तशी सायकल हवी, असं त्यानेच सांगितलं होतं. बिल मागाहून बनवलेलं.

आवाजाची ओळख कोर्टात एकटी टिकत नाही, हे मला माहीत होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी पंचांसमोर फिटरकाकांना विचारलं, "रंगाखाली काय सापडेल?"

"मागच्या सीटखाली तीन जोड पितळेचे, चौथा लोखंडाचा. त्या दिवशी पितळेची कांडी संपली होती."

आधी हे लिहून घेतलं, पंचांच्या सह्या घेतल्या, मग रंग खरवडला. तीन जोड पिवळे चमकले. चौथा काळा.

पुढे तपासात कळलं, चोरीच्या दुपारी गाळ्याचा मालक एका जोडप्याबरोबर समुद्रावर फोटो काढत होता. त्याच्याकडे त्या वेळचे फोटो होते. ऑपरेटरकाकांनी 'हाच तो' म्हटलं असतं, तर त्या फोटोंमुळे आमची केस पहिल्याच दिवशी कोसळली असती आणि टेम्पोवाला कायमचा सुटला असता. शेवटी मालक आणि टेम्पोवाला, दोघांनाही शिक्षा झाली.

कोर्टाच्या आदेशाने सायकल परत दिली, त्या सकाळी मुद्देमालाच्या खोलीपासून फाटकापर्यंत सगळं ठाणं गोळा झालं होतं. फिटरकाकांनी फुलं काढून टाकली, नवी साखळी चढवली. ऑपरेटरकाकांनी मागचं हँडल दोन्ही हातांनी चाचपलं, पाय टाकून बसले आणि मोठ्याने म्हणाले, "चल रे, उशीर झालाय!" सायकल जरा डगमगली, सरळ झाली आणि रस्त्याला लागली. आमच्या अंमलदाराने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. रिक्षावाले वळून बघत होते.

साक्षीदार कसा ओळखावा, हे मी पुस्तकांतून आणि वरिष्ठांकडून पुष्कळ शिकलो होतो. पण स्वतःचं नुकसान दिसत असतानाही जो 'नाही' म्हणतो, त्याच्या 'हो'वर डोळे मिटून विश्वास ठेवावा, हे मला या केसने शिकवलं. त्यानंतरच्या नोकरीत मी जबाब घेताना घाई केली नाही. साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालण्याचा मोह झाला, की ती खुर्ची आणि तो वर गेलेला हात आठवायचा.

निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या आठवड्यात फिटरकाकांचा फोन आला. "जय भीम साहेब. आता हजेरी नाही, ब्रीफिंग नाही. सकाळी करताय काय?"

केबिन रोडच्या त्याच दुकानातून मी सायकल घेतली. आता आम्ही तिघं जातो. मिठागरं मागे पडतात, डोंगरीचा चढ येतो आणि मला धाप लागते. पुढे दोन सीटची पांढरी सायकल असते. फिटरकाका मागे बघत नाहीत, त्यांचं लक्ष रस्त्यावर. पण ऑपरेटरकाका माझा श्वास ऐकत असतात.

"थांब रे जरा," ते मित्राला सांगतात, "साहेब मागे राहिले."

आणि उत्तनला पोचेपर्यंत ते मला एकदाही मागे पडू देत नाहीत.