अकरा वाजताचा फोटो

सेंट्रिफ्यूज थांबू लागले की आधी शिटीसारखा उंच सूर निघतो, मग तो हळूहळू उतरतो आणि शेवटी नुसती टकटक उरते. रक्तातल्या पेशी आणि पाणी वेगळे करणारे हे गरगरते यंत्र मी बावीस वर्षे ऐकते आहे. त्या दिवशी तो सूर उतरत असतानाच प्रयोगशाळेच्या दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. एका हातात चपला, दुसऱ्या हातात फोन. चपला बाहेर ठेवल्या की चोरीला जातात, म्हणून आमच्याकडे त्या हातात धरूनच लोक आत येतात. तरीही मी अर्धे पाऊल मागे सरकले.

“फोटू काढनाऱ्या म्याडम तुमीच का जी?”

मी लॅब टेक्निशियन आहे. मला या नावाने आजवर कोणी विचारले नव्हते. मी हो म्हटले.

“मंग हे पाहा.” त्यांनी फोन माझ्या नाकापुढे धरला. “अन् सांगा, माह्या पोरीले कोनता रोग हाय?”

पडद्यावर कॉलेजच्या मुलींची रांग होती. बारा जणी. हातात कार्डे, चेहऱ्यावर ऊन आणि हसू. त्यांतल्या एकीच्या चेहऱ्याभोवती कोणीतरी बोटाने लाल गोल काढला होता. वर लिहिले होते, ‘हिले सिकल आहे. सावध राहा.’ आणि सर्वांत खाली, छोट्या नकाशाशेजारी, अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ. सकाळी दहा अठ्ठावन्न.

तो फोटो मी काढला होता.

यंत्र थांबले. झाकण उघडून नळ्या काढायच्या असतात. माझा हात झाकणावर राहिला आणि तिथेच राहिला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. सिकलसेल या आजारात त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि माणूस हाडांच्या ठणक्याने तळमळतो. आई आणि वडील, दोघांकडून दोष आला तर हा आजार होतो. एकाकडूनच आला तर त्या माणसाला ‘वाहक’ म्हणतात. वाहकाला साधारणपणे काही होत नाही. तो धानाची रोवणी करतो, सायकल चालवतो, नातवंडे पाहतो. मात्र वाहकाचे लग्न वाहकाशी झाले, तर प्रत्येक वेळी बाळ आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. आमच्या भागात हा दोष बराच आढळतो. म्हणून लग्नाआधी तपासणी करा, असे आम्ही गावोगाव सांगत फिरतो.

तपासणी सोपी असते. बोटातला रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात सोडायचा आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढुळले आणि रेघा त्यात बुडाल्या, तर नमुना पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याला जातो. पक्का निकाल आला की आम्ही कार्ड देतो. पांढरे म्हणजे दोष नाही, पिवळे म्हणजे वाहक, लाल म्हणजे आजार.

त्या मुलीचे खरे नाव मी लिहिणार नाही. तिला राधा म्हणते. तिचे गाव कोंढ्याच्या बाजूचे, एवढेच पुरे.

कार्डवाटपाच्या दिवशी मी कॉलेजच्या सामानाच्या खोलीत एकेकीला बोलावले होते. जुन्या चटयांचा आणि खडूचा वास होता तिथे. दार लोटून, आवाज खाली आणून मी प्रत्येकीला तिचा निकाल समजावला. राधाला म्हटले, “तू आजारी नाहीस. फक्त लग्न ठरेल तेव्हा मुलाची तपासणी करून घे.”

ती लाजली. “ठरलं जी, म्याडम. दिवाळीनंतर साक्षगंध हाय.” मग साखरपुड्याचा विषय बदलत, कार्ड उलटसुलट करून म्हणाली, “या पिवळ्या कार्डावर तांदूळ भेटते का?”

रेशनचे पिवळे कार्ड घरोघरी असते. आम्ही दोघी खळखळून हसलो.

तेवढ्यात आमचे सुपरवायझर गभने सर यांचा फोन आला.

“म्याडम, अकराले पाच कमी हायेत. तुमचा फोटो नाही आला.”

“कार्डे वाटते आहे, सर.”

“ते ग्रुपवर कसं दिसन? अन् मागच्या खेपेले नुसती डोकी होती. कार्ड दिसलं पाहिजे.”

आमच्या कामाचा हा नियम झाला आहे. जागेचा नकाशा आणि वेळ आपोआप उमटवणारे एक ॲप असते. त्यातून काढलेला फोटो अकराच्या आत ग्रुपवर टाकायचा. फोटो असला तर आपण हजर. नसला तर दिवसभर उन्हात फिरलो तरी गैरहजर.

माझा फोन पोळ्याच्या सुमारास घेतलेला, नवा होता. धानाच्या लोंबीवरचे कूसही वेगळे दिसावे असा त्याचा कॅमेरा. मी मुलींना अंगणात ओळीने उभे केले. म्हटले, “कार्डं वर धरा गं. हसा जरा.” त्यांनी धरली. नऊ पांढरी, तीन पिवळी.

जे मी दार लोटून कानात सांगितले होते, ते पाच मिनिटांत उन्हात उंच धरायला लावले. लोंबी कोणत्या आठवड्यात हिरवी असते आणि कोणत्या आठवड्यात पिवळी पडते, हे मी रस्त्यावरून जाताना सांगू शकते. त्या दिवशी मला पिवळा रंग दिसला नाही. मला फक्त अकरा वाजायला दोन मिनिटे दिसली.

हे सगळे राधाच्या आईंसमोर उभी असताना मला एकदम कळले. माझ्या तोंडाला लोखंडासारखी चव आली.

“चूक माझी आहे,” मी म्हटले.

“तुमची हाय तं निस्तरा.”

मी ग्रुप उघडला आणि फोटोवर बोट दाबून धरले. तीन दिवस उलटले होते. ‘सर्वांसाठी डिलीट’ हा पर्याय फोन आता दाखवतच नव्हता. उरला होता तो फक्त ‘माझ्यासाठी डिलीट’. माझ्यापुरता तो फोटो पुसता येत होता. बाकी सर्वांपाशी तो राहणार होता.

मग मी तो कुठे कुठे गेला याचा माग काढला. आमच्याच ग्रुपवर असलेल्या, गावच्या आशा कार्यकर्त्या ताईंना फोन केला. त्या रडवेल्या झाल्या. “मी तं आपल्या गावच्या ग्रुपवर टाकला जी, ‘मुलींचे अभिनंदन’ लिवून. चांगल्या मनानं टाकला.” गावच्या ग्रुपवरून तो कोणाच्या तरी माहेरच्या ग्रुपवर गेला. तिथून मोहाडीकडच्या एका गावात पोचला, राधाच्या होणाऱ्या सासरी. मधल्या वाटेत कोणीतरी तो लाल गोल काढला. कोणी, ते अखेरपर्यंत कळले नाही. सकाळी अकराला निघालेला फोटो दुपारचे जेवण होण्याआधी तीन तालुके फिरून आला होता. मी पाठवलेला रक्ताचा नमुना जिल्ह्याला पोचायला दोन दिवस लागतात.

“मी व्याह्याले म्हनलं, खोटं असन,” राधाच्या आई म्हणाल्या. “तं तो म्हनते, खोटं कसं? खाली नकाशा हाय, टाइम हाय. सरकारी फोटू हाय.”

माझ्या हजेरीचा पुरावा तिच्या आजाराचा पुरावा झाला होता.

मी गभने सरांना कळवले. त्यांनी फोटो उघडून पाहिला. मग म्हणाले, “फोटो तुमीच टाकला न, म्याडम?”

“कार्ड दिसले पाहिजे, असे आपण म्हणालात.”

“कार्ड म्हनलं होतं. रंग नाही म्हनलो.”

राधाच्या आईंचे म्हणणे होते की मी मुलाकडच्यांशी बोलावे. मी म्हटले, राधाने परवानगी दिल्याशिवाय तिचा निकाल मला कोणाला सांगता येत नाही. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मला खाली बघावे लागले. “आता सांगाचं काय राह्यलं?”

आईने तिथूनच तिला फोन लावला, आणि राधानेच मार्ग काढला. “बलाव त्याइले लॅबमंदी. मीबी येतो,” ती आईला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या छोट्या खोलीत चौघे आले. राधा, तिची आई, मुलगा आणि त्याचे वडील. बसायला दोनच स्टुले. कोणीच बसले नाही.

“आमाले फसवलं,” मुलाचे वडील दारातूनच सुरू झाले. “रोगी पोरगी गळ्यात मारून राहिले होते.”

राधाने मान हलवून मला बोलायची मुभा दिली. मी वाहक म्हणजे काय ते समजावले. त्यांनी ऐकले न ऐकल्यासारखे केले. मी विचारले, “मुलाची तपासणी झाली आहे का?”

“त्याले काय धाड भरली? धानाचा भरला कट्टा एकटा उचलते.”

“पाच मिनिटांचे काम आहे. एक थेंब लागेल.”

मी कापसावर स्पिरिट घेतले आणि लॅन्सेटचे पाकीट फाडले. बोटाला टोचायची ही सुई म्हणजे काट्याएवढे टोक. मुलगा आतापर्यंत एक शब्द बोलला नव्हता. हातातला फोन नुसता फिरवत होता.

“राहू द्या, म्याडम,” तो म्हणाला.

त्याने फोनचे मागचे काळे कव्हर नखाने उचकटले. हल्ली त्या जागेत सगळेच काही ना काही ठेवतात. शंभराची नोट, देवाचा फोटो, बसचा पास. त्याने तिथून चार घड्या घातलेला एक कागद काढला आणि माझ्या टेबलावर उलगडला. घड्यांवर घामाने काळ्या रेघा पडल्या होत्या. मधला रंग शाबूत होता. पिवळा.

“बारावीत तपासलं होतं,” तो म्हणाला.

स्पिरिट माझ्या बोटांवरून उडून गेले आणि बोटे गार पडली. वडिलांनी कार्ड उचलले, खिडकीपाशी नेले आणि उजेडात धरून पाहिले. उजेडात रंग बदलेल अशी त्यांना आशा असावी.

“हे काय होय बे?”

“तेच, बाबा. जे तिले हाय.”

राधाचा आवाज अगदी हळू होता. “तुले माहीत होतं.”

“हो.”

“चार दिवस झाले माह्या तोंडाभवती गोल काढून फिरवून राहिले लोकं. अन् हे तुह्या फोनच्या मांगं होतं?”

“बाबा काय म्हनतीन म्हनून...”

“तुले एकट्या बाबाची भीती होती. मले तं अख्खी गावं रोगी म्हनून राहिली.”

मी माझे काम केले. चारात एक म्हणजे काय, गरोदरपणात कोणती तपासणी होते, सगळे सांगितले. निर्णय तुमचा, हेही सांगितले. वडिलांचा आवाज एव्हाना पार उतरला होता. “तपासनी होते तं मंग करून घेऊ जी. साक्षगंध होऊ द्या.”

“मोडलं समजा, मामाजी,” राधा म्हणाली. “कार्डासाठी नाही मोडून राहिली मी. हा चार दिवस गप बसला, त्याच्यासाठी.”

लग्न मोडले. फोटो मात्र थांबला नाही. महिन्याभराने जवळच्या शहापूरला एका शिबिरात एक बाई माझ्याजवळ सरकून कुजबुजली, “त्या फोटूतली लाल गोलवाली पोरगी गेली म्हनते. खरं का जी?” आदल्या दिवशीच मी राधाला बसस्टँडवर पेरू खाताना पाहिले होते.

यातून मी शिकले ते फार मोठे नाही. रंगालाही गुप्तता लागते, आणि हजेरी माझी असेल तर फोटोत मी असावे. तेव्हापासून मी माझा हात आणि नळ्यांचा स्टँड यांचा फोटो टाकते. त्याबद्दल मला दोनदा समज मिळाली आहे.

गेल्या आठवड्यात राधा धाकट्या बहिणीला तपासायला घेऊन आली. आत येताच तिने दार स्वतः लोटून घेतले. मी बहिणीच्या बोटावर कापूस दाबत होते, तेवढ्यात फोन वाजला. हात गुंतलेले होते, म्हणून स्पीकर लावला.

“म्याडम, वर सांगतलं मी,” गभने सर खुशीत होते. “दोन वाहकांचं लग्न टळलं. आपल्याच फोटोमुळं टळलं. सक्सेस स्टोरी होय ही. त्या मुलीचा एक फोटो पाठवा, कार्ड हातात घेऊन. चेहरा मंग ब्लर करू. अकराच्या आत पाठवा.”

राधाने ऐकले होते. तिची बहीणही बघत होती. भिंतीवरच्या घड्याळात दहा पन्नास झाले होते. फोटोचा नियम आल्यापासून शेकडो माणसे मी या कॅमेऱ्यांपुढे उभी केली, पण एक साधा प्रश्न त्यांतल्या एकालाही विचारला नव्हता.

“राधा,” मी म्हटले, “तुझा फोटो काढू का?”

तिने माझ्या फोनच्या काळ्या भिंगाकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले, आणि पलीकडे सरांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“नाही.”