रूपसिंगाने शिकवलेला तोल

महायुद्धाच्या काळात आमची तुकडी ब्रह्मदेशाच्या सीमेवरील डोंगरात होती. मी लोणखेड्याचा, संस्कृत पाठशाळा सोडून सैन्यात गेलेला शिपाई. रोज सकाळी सहा वाजता मॉर्टरच्या बॉम्बच्या पेट्या पाठीवर घेऊन नाला ओलांडायचा आणि वरच्या चौकीवर पोहोचवायच्या, हे माझे काम. तीन महिन्यांत तीनदा माझी कंबर धरली. डॉक्टर कॅप्टन म्हणाले, "आणखी एकदा झाले, तर मेडिकल बोर्ड. घरी." माझा भार इतरांवर टाकून घरी परतावे लागेल, याची मला लाज वाटे.

लान्स नाईक रूपसिंग अक्कलकुव्याच्या डोंगरातला भिल्ल. अक्षरओळख नव्हती. त्याने मला दोन दिवस न्याहाळले, मग हसून म्हणाला, "पंडितभाऊ, तू पेटी उचलतांना बी अटेन्शनमा ऱ्हास! तुन्ही पाठ रातदिन पहारावर उभी शे. तिले जरा रजा दे."

दोष अचूक होता. दुखेल या भीतीने मी पाठ सतत ताठ धरत असे.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला त्याने मला अनवाणी एका पडलेल्या ओंडक्यावर उभे केले. एक पाय, डोळे मिटलेले. "वजन कोठे शे? टाचवर का आंगठावर?" मला सांगता येईना, मी पडलो. महिनाभर रोज हेच. नंतर डोक्यावर पाण्याचा डबा. हळूहळू टाच, गुडघा, कंबर कोठे आहेत, हे न पाहता कळू लागले. गीतेत देहाला क्षेत्र, म्हणजे शेत म्हटले आहे, हे मी पाठशाळेत शिकलो होतो. त्या क्षेत्राच्या बांधावरून चालणे या गुरूने शिकवले.

एके सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी चौकीवर हल्ला झाला. वायरलेसवर चौकीतल्या हवालदारांचा आवाज आला, "बॉम्ब पाठवा. ताबडतोब. ओव्हर." आम्ही दोघांनी दोन फेऱ्या केल्या. तिसऱ्या फेरीत पेटी चौकीत ठेवताच रूपसिंगाच्या पोटात गोळी लागली.

"खाली ने," हवालदार म्हणाले.

नाल्यावर पूल म्हणून एकच ओंडका होता. रूपसिंग पाठीवर, गोळीबार चालू. माझी पाठ आपोआप ताठरली, पाय डगमगला. कानाशी तो पुटपुटला, "रजा दे, भाऊ."

मी श्वास सोडला, पाठ सैल केली, तळव्याने ओंडका चाचपला आणि पार झालो. नऊ वाजता मलमपट्टीच्या तंबूत त्याने देह ठेवला.

मेडिकल बोर्डापुढे मला कधी जावे लागले नाही. युद्ध संपल्यावर मी त्याच्या पाड्यावर गेलो. सर्व ऐकून त्याच्या वृद्ध वडिलांनी एवढेच विचारले, "मन्हा पोऱ्या तुले जड व्हयना का?"

"नही, बाबा," मी म्हणालो. ते सत्य होते.